कुलूप लावलेल्या घराची बातमी आपणच देतो

मांडवीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. चवथ, म्हणजे आपली गणेश चतुर्थी, तीन आठवड्यांवर आली आहे. पणजी, मडगाव, वास्को, म्हापसा येथील इमारतींत राहणारी आपली कुटुंबे त्या दिवसांत गावच्या मूळ घरी जातात आणि दीड, पाच किंवा सात दिवस शहरातील घराला कुलूप असते. ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे आणि ती तशीच राहावी असे मला मनापासून वाटते. मला लिहायचे आहे ते त्या कुलपाविषयी आपण जगाला जे सांगत बसतो त्याविषयी.

गेल्या वर्षी आमच्या इमारतीतील एक घर चवथीच्या तिसऱ्या रात्री फोडले गेले. त्या कुटुंबाची संमती घेऊन हे लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. पोलीस पंचनाम्याला आले तेव्हा त्यांनी विचारले, "तुम्ही गावी जाणार हे कोणाकोणाला ठाऊक होते?" त्या घरचे शेजारी म्हणाले, "राखणदाराला आणि समोरच्या घरातल्या या मंडळींना. आणखी कोणालाही नाही." ते खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसे वाटत होते.

दोन दिवसांनी मी आणि ते त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो. मी फेसबुकवर त्यांच्या मित्रयादीत नाही, त्यामुळे परक्या माणसाला जे दिसते तेच माझ्या फोनवर दिसत होते. गृहप्रवेशाच्या दिवशी दारात उभे राहून काढलेले छायाचित्र सापडले. त्यात नावाची पाटी, दाराचे कुलूप आणि हातात उंच धरलेली किल्ली स्पष्ट दिसत होती. सज्जातून टिपलेल्या सूर्यास्तात मांडवी आणि पूल ज्या कोनातून दिसत होते, त्यावरून इमारतीची बाजू आणि मजला सांगता येत होता. मुलीच्या लग्नाच्या छायाचित्राखाली कोणा मैत्रिणीने "पाटल्या फार सुंदर आहेत" असे लिहिले होते आणि वहिनींनी सरळ मनाने उत्तर दिले होते, "सासूबाईंच्या आहेत, चवथीला आणि लग्नकार्याला लॉकरमधून काढते."

जाण्याविषयी मात्र त्या दोघांनी एक अक्षरही लिहिले नव्हते. ते लिहिले होते पुतणीने. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधतानाचा तिचा व्हिडिओ होता. सुपाऱ्यांचे घोस, तोरिंगणाची फळे, नारळांचा घड, शिडीवर चढलेले काका, खाली उभ्या काकू, आणि वर ओळ होती: "सगळे कुटुंब एकत्र, पूर्ण सात दिवस." त्यात काका-काकूंची नावे जोडलेली होती, त्यामुळे तो व्हिडिओ त्यांच्या पानावरही आपोआप दिसत होता. हे सारे गोळा करायला आम्हाला जेमतेम वीस मिनिटे लागली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. पाटल्यांचे ते वाक्य मी वाचले तेव्हा त्या काही न बोलता आत निघून गेल्या.

चोरट्यांनी यातले काही पाहिले होते, असा माझा दावा नाही. तपासातही तसे निष्पन्न झालेले नाही. पण त्या टेबलाशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपण प्रत्येक छायाचित्र सुटे म्हणून टाकतो आणि ते सुटे असताना निरुपद्रवीच असते. ज्याला आपले नुकसान करायचे आहे तो मात्र सगळे एकत्र ठेवून पाहतो. शिवाय त्यातील निम्मे तुकडे आपण टाकलेलेच नसतात. भाची, मेहुणा, वाड्यावरचा (गावातल्या वस्तीतला) उत्साही तरुण, शाळेतील जुना मित्र, असे सगळे मिळून आपल्या घराचा नकाशा पूर्ण करत असतात आणि त्यांच्यापैकी एकाच्याही मनात वाईट नसते.

या जोडणीचे एक जाहीर उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २०१८ च्या जुलैमध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे तेव्हाचे अध्यक्ष रामसेवक शर्मा यांनी आपला आधार क्रमांक ट्विटरवर जाहीर करून, याच्या आधारे माझे नुकसान करून दाखवा, असे आव्हान दिले. काही तासांत लोकांनी त्यांचा दूरध्वनी क्रमांक, जन्मतारीख, पॅन क्रमांक असे बरेच काही मांडले. आधार प्राधिकरणाने खुलासा केला की यातले काहीही आधारच्या साठ्यातून फुटलेले नाही, ते इंटरनेटवर आधीपासूनच इतस्ततः उपलब्ध होते. माझ्या दृष्टीने तो खुलासाच अधिक काळजीचा होता. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याची माहिती विखुरलेल्या जागांवरून काही तासांत गोळा होते, तर आपण कोण?

पॅरिसमध्ये ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकी टीव्ही तारका किम कार्दाशियन यांच्यावर पडलेला दरोडाही प्रसिद्ध आहे. सुमारे एक कोटी डॉलरचे दागिने गेले. आरोपींपैकी एकाने तपासात सांगितले की दागिने, आणि ते नकली नसल्याची बाईंची ग्वाही, दोन्ही इंटरनेटवरच मिळाले. त्या खटल्याचा निकाल मे २०२५ मध्ये लागला आणि आठ जण दोषी ठरले. सासूबाईंच्या पाटल्यांचे वाक्य वाचताना मला तेच प्रकरण आठवले.

आपल्यापैकी कोणाला असे अनुभव आले असतील तर लिहावेत. गोव्यात आपण कोणत्या गोष्टी सहजपणे उघड्यावर ठेवतो, हे मला समजून घ्यायचे आहे.

सत्तरीचा माणूस

मांडवीकाठ, आपली कळकळ समजली, पण मला हे पूर्ण पटलेले नाही. चवथीला शहरातील घरे बंद असतात हे सांगायला कोणत्याही पुतणीची गरज नाही. ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दारात साचलेली वर्तमानपत्रे, संध्याकाळी न लागलेला दिवा, जागेवरून गायब झालेली स्कूटर, हे पाहून पूर्वीही चोऱ्या होत होत्या. फेसबुक नव्हते तेव्हा चोर उपाशी राहत नव्हते.

दुसरे असे की माझा एक भाऊ कुवेतमध्ये आहे आणि बहीण इंग्लंडमध्ये. त्यांना वर्षानुवर्षे चवथीला येता येत नाही. माटोळीचा तो व्हिडिओ हीच त्यांची चवथ असते. आरतीच्या वेळी बहीण फोनच्या पडद्यासमोर हात जोडून बसते, हे मी पाहिलेले आहे. भीतीपोटी तेही बंद करायचे का?

मांडवीकाठ

आपले म्हणणे रास्त आहे. घरे बंद असतात हे सर्वांनाच कळते, हेही खरे. पण कोणते घर, किती दिवस आणि आत काय, हे रस्त्यावरून कळत नाही. ते जाणून घ्यायला पूर्वी चोराला दोन-तीन वेळा इमारतीखाली यावे लागे, आणि तेव्हा त्याला राखणदार पाहत असे, पोदेर (पाववाला) पाहत असे, खालचा दुकानदार पाहत असे. आता ती टेहळणी कुठेही बसून होते आणि तिला साक्षीदार नसतो. २०१० साली नेदरलँड्समधील काही तरुणांनी 'प्लीज रॉब मी' नावाचे एक संकेतस्थळ काढले होते. 'मी आत्ता अमुक ठिकाणी आहे' असे लोक स्वतःहून जे जाहीर करत असत, तेच तिथे एकापाठोपाठ एक मांडले जात असे, म्हणजे ही सारी घरे या क्षणी रिकामी आहेत. लोकांना जागे करणे हाच त्यांचा हेतू होता.

बहिणीचा व्हिडिओ बंद करा असे मी कधीच म्हणणार नाही. तो बहिणीला पाठवावा, कुटुंबाच्या गटात टाकावा. साऱ्या जगाला दाखवायचा असेल तर घरी परतल्यावर टाकावा. माटोळी आठ दिवसांनीही तितकीच सुंदर दिसते.

पेडण्याची लेक

हा विषय काढल्याबद्दल आभार. आमच्याकडे घरफोडी झाली नाही, पण जे झाले ते मला घरफोडीहून वाईट वाटते. माझा भाऊ तारवटी आहे, मालवाहू जहाजावर असतो. आई पेडण्याच्या घरी एकटी राहते. वहिनी आणि मुलगी म्हापशात असतात.

एके दिवशी दुपारी आईला फोन आला. माणूस हिंदीत, अतिशय आदराने बोलत होता. त्याने भावाचे नाव घेतले, जहाजाचे नाव सांगितले आणि आपण त्याच्याच केबिनशेजारचे सहकारी आहोत असे म्हणाला. भाऊ डेकवरून घसरून पडला असून बंदरातल्या रुग्णालयात दाखल केला आहे, अनामत भरल्याशिवाय शस्त्रक्रिया होणार नाही, कंपनीचे पैसे यायला दोन दिवस लागतील, असे त्याने सांगितले. आईने लगेच भावाला फोन लावला. तो लागला नाही. जहाज समुद्रात असताना तो बहुधा लागतच नाही, आणि हे त्या माणसालाही ठाऊक होते. मग तो म्हणाला, "तो शुद्धीत आल्यावर एकच विचारत होता, माझी चिऊ कशी आहे?"

चिऊ हे माझ्या भाचीचे घरातले नाव. त्या एका शब्दावर आईचा सगळा संशय मावळला. तिने शेजारच्या मुलाला बोलावून त्याच्या फोनवरून ४०,००० रुपये पाठवले आणि मग रडत मला फोन केला.

मी कंपनीच्या कार्यालयात चौकशी केली. भाऊ सुखरूप होता. तासाभराच्या आत सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, त्यामुळे रकमेचा काही भाग वाटेतच गोठवला गेला आणि पुढे परत मिळाला. उरलेला गेला तो गेला.

हे सगळे त्याला कुठून मिळाले, याचा मी नंतर शोध घेतला. भावाने जहाजावर चढल्यावर टाकलेल्या छायाचित्रात त्याच्या मागे टांगलेल्या जीवरक्षक कड्यावर जहाजाचे नाव रंगवलेले होते. वहिनीने मुलीच्या वाढदिवसाला लिहिले होते, "आमच्या चिऊला पाच वर्षे पूर्ण, बाबा समुद्रावरून पापा पाठवतोय." आईचा क्रमांक मिळाला तो चवथीपूर्वी नेवऱ्या आणि लाडवांच्या मागणीसाठी मी स्वतः फेसबुकच्या एका गटात टाकलेल्या जाहिरातीत, त्यात 'पेडणे, घरगुती' असेही होते. म्हणजे एक तुकडा भावाचा, एक वहिनीचा आणि एक माझा.

आई आजही पैशांविषयी बोलत नाही. ती एवढेच विचारते, "तिचे घरातले नाव परक्या माणसाच्या तोंडी कसे आले?" आम्ही आता आपसात एक प्रश्न ठरवला आहे. घरच्या कोणाच्याही नावाने पैशांसाठी फोन आला की आई तो प्रश्न विचारते. त्याचे उत्तर परड्यातल्या एका झाडाशी संबंधित आहे आणि ते आजवर कुठेही लिहिले गेलेले नाही. आता हुबेहूब आवाजही तयार करता येतो असे म्हणतात, त्यामुळे ओळखीचा आवाज ऐकू आला तरी प्रश्न विचारायचाच, असे तिला बजावले आहे.

म्हापशातला वकील

ताई, आपण तासाभरात तक्रार केलीत, तेच कामी आले. फसवणुकीची रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी भराभर फिरवली जाते आणि रोख काढली गेली की हाती काही लागत नाही. म्हणून आधी १९३० वर फोन करावा, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ सांगावी, आणि मग केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर सविस्तर नोंद करावी. गोवा पोलिसांचे सायबर गुन्हे ठाणे रायबंदर येथे आहे. लाजेपोटी किंवा संतापाच्या भरात लोक संदेश पुसून टाकतात, समोरच्याचा क्रमांक उडवतात. तसे करू नये, तो पुरावा असतो.

दुसऱ्याचे नाव आणि छायाचित्र वापरून बनावट प्रोफाइल उघडणे व मित्रांकडे पैसे मागणे हा प्रकार आपल्याकडे नित्याचा झाला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६क (इंग्रजी 'सी') ओळखचोरीसाठी आणि ६६ड (इंग्रजी 'डी') संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणुकीसाठी आहे. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कोणी सतत पाठलाग करत असेल, ऑनलाइन पाळत ठेवत असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ स्त्रियांना संरक्षण देते. पण माझ्या अशिलांना मी नेहमी सांगतो, बनावट प्रोफाइलवाल्याला तुमचे छायाचित्र पुरत नाही, त्याला तुमची मित्रयादी लागते. ती फक्त स्वतःला दिसेल अशी ठेवता येते. हे काम आजच करावे.

फोंड्याची शिक्षिका

मी माध्यमिक शाळेत शिकवते. दहावीचा निकाल लागला की पालक कौतुकाने गुणपत्रिकेचे छायाचित्र जसेच्या तसे टाकतात: मुलाचे पूर्ण नाव, आसन क्रमांक, शाळा, सगळे. त्याच आठवड्यात प्रवेशाच्या नावाने पालकांना फोन येऊ लागतात आणि त्यांना प्रश्न पडतो की आपला क्रमांक यांना कोणी दिला. पहिलीतल्या मुलांचे तर आणखी अवघड आहे. गणवेशावर शाळेचे बोधचिन्ह, गळ्यात ओळखपत्र, आणि खाली रोजची बस किती वाजता येते तेही लिहिलेले. सहा वर्षांच्या मुलाला कोणी नावाने हाक मारली, आईचे नाव सांगितले, तर तो त्या माणसाला परका समजेलच असे नाही. पालकसभेत मी हे बोलले तेव्हा एक आई म्हणाल्या, "पण बाई, शाळेच्या पानावरही आमच्या मुलांचे फोटो नावासकट असतात." त्यांचे म्हणणे अगदी योग्य होते. आम्ही आता छायाचित्राखाली मुलांची नावे देणे थांबवले आहे.

काणकोणचा यजमान

मी घरातच पर्यटकांसाठी तीन खोल्या चालवतो. आमच्यासारख्यांना पत्ता, छायाचित्रे, क्रमांक हे उघड ठेवावेच लागते, नाहीतर पाहुणा येणार कसा? म्हणून मी धंद्याचे पान आणि धंद्याचा क्रमांक वेगळा ठेवला आहे. त्या पानावर बायको-मुले नाहीत, आमच्या राहत्या भागाची छायाचित्रे नाहीत. एकट्या आलेल्या मुली पाहुण्या असतात. त्यांना विनंती करतो की इथे असेपर्यंत ठिकाणाचे नाव घालू नका, गेल्यावर जरूर लिहा. बहुतेकींना ते लगेच पटते.

मोपाजवळचा

विमानतळावर रोज पाहतो ती एक गोष्ट सांगतो. एका हातात पासपोर्ट, दुसऱ्या हातात बोर्डिंग पास, आणि छायाचित्र. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी अॅबट यांनी २०२० साली असेच बोर्डिंग पासचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकले. त्यावरील आरक्षण क्रमांक वापरून एका तरुणाने विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून त्यांचा पासपोर्ट क्रमांक आणि दूरध्वनी क्रमांक मिळवला. त्याने ते प्रामाणिकपणे अधिकाऱ्यांना कळवले. प्रत्येक वेळी माणूस प्रामाणिक भेटत नाही. आणि वर मांडवीकाठ यांनी किल्लीचा उल्लेख केला आहे म्हणून सांगतो, नुसत्या छायाचित्रावरून किल्लीची नक्कल करता येते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २००८ मध्येच दाखवून दिले आहे. नव्या घराची किल्ली मुठीत ठेवून फोटो काढला तरी आनंद तेवढाच दिसतो.

मांडवीकाठ

या सगळ्या प्रतिसादांवरून मला आणखी एक गोष्ट सुचली. ती लिहावी की नाही असा विचार करत होतो, पण लिहितो. आपल्याकडे कोणी वारले की काही मिनिटांत वाड्याच्या गटातून आणि फेसबुकवरून वार्ता जाते: पूर्ण नाव, पत्ता, मागे राहिलेल्यांची नावे, अंत्ययात्रेची वेळ आणि घरच्या माणसाचा क्रमांक. माणसे वेळेवर पोहोचावीत म्हणून हे करावेच लागते आणि त्यामागे केवळ आपुलकी असते. पण त्या घरातली सगळी मंडळी अमुक वेळी स्मशानात असणार हेही त्यातूनच कळते. पुढे काही दिवसांनी "तुमच्या यजमानांच्या विम्याची रक्कम पडून आहे" असा फोन त्या क्रमांकावर आला, तर दुःखात बुडालेली बाई तो खरा मानेल. आमच्या वाड्यावर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आहेत. संपर्कासाठी शेजाऱ्याचा क्रमांक द्यायचा, आणि अंत्ययात्रेच्या वेळी वाड्यातील एक जण त्या घरी थांबायचा. पूर्वीही कोणीतरी थांबतच असे.

सत्तरीचा माणूस

हे शेवटचे मनाला लागले. आमच्याकडेही पूर्वी म्हाताऱ्या बायका थांबायच्या. आता सगळेच गाडीत बसून निघतात.

एक शंका आहे. छायाचित्रातच ठिकाण साठवलेले असते असे भाचा म्हणतो. ते कसे पाहायचे आणि बंद कसे करायचे? आणि गेल्या दहा वर्षांत जे टाकून ठेवले आहे त्याचे काय करावे?

मोपाजवळचा

काका, फोनच्या कॅमेऱ्यात ठिकाण नोंदवण्याची सोय चालू असेल तर प्रत्येक छायाचित्रात अक्षांश-रेखांश जमा होतात. २०१२ मध्ये फरार असलेले, मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीचे संस्थापक जॉन मॅकॅफी ग्वाटेमालात आहेत हे एका नियतकालिकाने छापलेल्या छायाचित्रातील याच नोंदीवरून उघड झाले होते. फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअॅपवर छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठवले तर ही नोंद निघून जाते. ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले तर ती तशीच राहते. कॅमेरा उघडून सेटिंगमध्ये ठिकाणाचा पर्याय शोधावा आणि बंद करावा.

जुन्या पोस्टींसाठी फेसबुकच्या सेटिंगमध्ये पूर्वीच्या सर्व सार्वजनिक पोस्टी एकदम मित्रांपुरत्या करण्याची सोय आहे. एकदा दाबले की काम होते. प्रोफाइल कुलूपबंद करण्याची सोयही भारतात २०२० पासून आहे. व्हॉट्सअॅपचे स्टेटस निवडक लोकांपुरते ठेवता येते. आपल्या यादीत नळदुरुस्तीवाल्यापासून जुन्या भाडेकरूपर्यंत कोण कोण आहे, ते एकदा पाहावे.

इतरांनी टाकलेल्या छायाचित्रांवरून आपले नाव काढता येते, पण ते छायाचित्र त्यांच्या पानावर राहतेच. ते काढायचे तर त्या माणसालाच फोन करावा लागतो. हा धागा वाचल्यापासून मी पाच जणांना केला. तिघांनी लगेच काढले, एकाने रविवारी काढतो म्हणून सांगितले, आणि मावशीला ते कसे काढायचे हे ठाऊक नाही, म्हणून उद्या सावंतवाडीला जाऊन येतो.